अल्पमात्रेचा प्रश्न : क्षयोपचाराच्या संदर्भात एक विवेचन

औषध अधिक प्रमाणात दिले गेले तर काय होते, हे सामान्य माणसालाही ठाऊक असते. विषबाधा होते, रुग्ण अत्यवस्थ होतो, प्रसंगी दगावतो. मग चौकशी होते आणि चूक कोणाची याचा निर्णयही बहुधा लागतो. औषध कमी प्रमाणात दिले गेले तर मात्र असे काहीच घडताना दिसत नाही. रुग्ण आपल्या पायांनी घरी जातो. काही आठवडे त्याला बरेही वाटते. पुढे तो पुन्हा आजारी पडला तर दोष रोगाच्या चिवटपणाला दिला जातो, रुग्णाच्या हेळसांडीला दिला जातो किंवा औषधालाच दिला जातो. मात्रेचे नाव सहसा निघत नाही. अतिमात्रेचा दोष उघड असतो, अल्पमात्रेचा झाकलेला राहतो. म्हणूनच त्याचे स्वतंत्र विवेचन करणे अगत्याचे आहे.

'अल्पमात्रा' हा शब्द प्रस्तुत लेखात काहीशा व्यापक अर्थाने योजिला आहे. चिठ्ठीवर लिहिलेली मात्रा कमी असणे हा तिचा केवळ एक प्रकार होय. रोगाचा प्रतिकार करण्यास जितके औषध, जितका काळ, रोगस्थानी असावयास हवे, तितके ते तेथे न पोहोचणे म्हणजे अल्पमात्रा, असा अर्थ येथे घेतला आहे. हा अर्थ घेतला म्हणजे लिहिणारा, गोळी बनविणारा, ती देणारा, ती गिळणारा आणि गिळणाऱ्याचे शरीर या सर्वांचा विचार करणे प्राप्त होते.

विवेचनासाठी क्षयरोगाचे उदाहरण निवडले आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक-चतुर्थांश भारतात आहेत, हे त्याचे एक कारण. दुसरे असे की अल्पमात्रेचा अभ्यास या रोगाच्या संदर्भात जितक्या बारकाईने झाला आहे तितका थोड्याच रोगांच्या बाबतीत झाला असेल. आणि त्या अभ्यासाचा मोठा भाग आपल्याच देशात, मद्रास येथे, झाला आहे.

१. प्रतिरोध 'शिकविला' जातो की निवडला जातो?

अल्पमात्रेच्या धोक्याची सूचना प्रतिजैविकांच्या उदयकाळीच दिली गेली होती. डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी एका काल्पनिक गृहस्थाची कथा सांगितली. या गृहस्थाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलीन आणून घेतो, पण अपुरे घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. तेच जंतू पुढे त्याच्या पत्नीला बाधतात आणि पेनिसिलीन देऊनही ती वाचत नाही. फ्लेमिंग यांच्या मते अशा मृत्यूची जबाबदारी त्या गृहस्थाच्या निष्काळजीपणावर येते.

या कथेचा इशारा खरा ठरला, परंतु तिच्यातील दोन गोष्टी अभ्यासकाने तपासून घेतल्या पाहिजेत. फ्लेमिंग यांनी उदाहरणादाखल घेतलेला घशाचा स्ट्रेप्टोकोकस जंतू आजही पेनिसिलीनला बळी पडतो. म्हणजे अल्पमात्रेने प्रतिरोध निर्माण होईलच असा सार्वत्रिक नियम नाही. तो जंतूच्या जातीवर अवलंबून असतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. अपुऱ्या औषधाने जंतू 'शिकतात', असे आपण सहज म्हणतो. क्षयजंतूंच्या बाबतीत तसे घडत नाही. प्रतिरोधी जंतू औषध देण्यापूर्वीच तेथे असतात. औषध फक्त त्यांची निवड करते.

याचे गणित सोपे आहे. क्षयजंतूंमध्ये आपोआप होणाऱ्या उत्परिवर्तनांमुळे साधारणपणे दहा लाखांत एक जंतू आयसोनायझिडला आणि दहा कोटींत एक जंतू रिफॅम्पिसीनला मुळातच दाद देत नाही. फुप्फुसात पोकळी झालेल्या रुग्णाच्या त्या पोकळीत एक कोटीपासून शंभर कोटींपर्यंत जंतू असू शकतात. दहा कोटी जंतू धरले, तर पहिली गोळी गिळण्यापूर्वीच त्यांत शंभरेक जंतू आयसोनायझिडला प्रतिरोधी असतात. अशा रुग्णाला एकटे आयसोनायझिड दिले की प्रथम बहुसंख्य जंतू मरतात, खोकला कमी होतो, भूक लागते, थुंकीतील जंतूंची संख्या उतरते. नंतर त्या शंभरांची प्रजा वाढते आणि संख्या पुन्हा चढते. क्षयचिकित्सेत या घटनेला 'उतार आणि चढ' असे म्हणतात. उताराच्या काळात वैद्य आणि रुग्ण दोघेही समाधानी असतात, हे तिचे खरे क्रौर्य होय.

हे प्रथम स्पष्ट झाले ते स्ट्रेप्टोमायसीनच्या प्रसिद्ध प्रयोगात. ब्रिटिश वैद्यकीय संशोधन मंडळाने १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात ५५ रुग्णांना स्ट्रेप्टोमायसीन व विश्रांती, आणि ५२ रुग्णांना केवळ विश्रांती, असे उपचार देण्यात आले. सहा महिन्यांअखेर पहिल्या गटात ४ आणि दुसऱ्या गटात १४ मृत्यू झाले होते. औषधाचा विजय निर्विवाद होता. पण ज्यांच्या जंतूंची प्रतिरोधासाठी तपासणी झाली अशा ४१ रुग्णांपैकी ३५ जणांत प्रतिरोध आढळला, आणि पाच वर्षांनी मोजदाद केली तेव्हा पहिल्या गटात ३२ व दुसऱ्या गटात ३५ रुग्ण मरण पावले होते. सहा महिन्यांचा विजय पाच वर्षांत जवळजवळ पुसला गेला. येथे मात्रा कमी नव्हती. रोज दोन ग्रॅम दिले जात होते. चूक एवढीच होती की औषध एकाकी होते.

दुसरे औषध जोडले की हे गणित पालटते. दोन्ही औषधांना एकाच वेळी प्रतिरोधी असा जंतू सापडण्याची शक्यता दहा लाख आणि दहा कोटी यांच्या गुणाकारात एक, इतकी क्षीण होते. एवढे जंतू कोणाही रुग्णाच्या शरीरात नसतात. संयुक्त उपचाराचा सारा आधार हा गुणाकार आहे.

आणि नेमके येथेच अल्पमात्रेचे खरे स्वरूप प्रकट होते. चार औषधांपैकी एकाची मात्रा निम्मी झाली तर उपचार एक-अष्टमांशाने दुबळा झाला असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः ज्या औषधाची पातळी परिणामकारक मर्यादेच्या खाली गेली, ते औषध त्या गुणाकारातून बाद होते आणि त्याने ज्याची पाठराखण करावयाची ते दुसरे औषध उघडे पडते. चिठ्ठीवर चार नावे असतात, पण पोकळीतील एखाद्या जंतुसमूहापुढे प्रत्यक्षात एकच औषध उभे असते. अपुरी मात्रा म्हणजे सौम्य उपचार नव्हे. तो एक निराळाच उपचार होय, आणि तो १९४८ सालचा.

२. मात्रेची वेळ आणि उंची

मात्रा म्हणजे दिवसभरात पोटात गेलेल्या औषधाची बेरीज, ही समजूतही अपुरी आहे. मद्रास येथे १९५६ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश वैद्यकीय संशोधन मंडळ यांच्या सहकार्याने क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली तेथे झालेल्या आरंभीच्या प्रयोगांत आयसोनायझिडची तीच दैनिक मात्रा एका गटाला एकदम आणि दुसऱ्या गटाला दोन भागांत विभागून देण्यात आली. बेरीज सारखी असूनही एकदम मात्रा घेणाऱ्यांचा गट सरस ठरला. रक्तातील औषधाची पातळी एकदा पुरेशी उंच जाणे, हे ती दिवसभर मध्यम राहण्यापेक्षा अधिक उपयुक्त ठरले.

या निष्कर्षाचे व्यावहारिक महत्त्व आजही आहे. 'गोळ्या जड जातात' म्हणून रुग्ण त्या सकाळ-संध्याकाळ विभागून घेतो, तेव्हा मोजणीत एकही गोळी चुकलेली नसते, पण उंची हरवलेली असते. मूत्रपिंडाच्या तीव्र विकारात पायराझिनामाइड व एथँब्युटॉल यांच्या बाबतीत जो नियम पाळतात त्याच्या मुळाशीही हेच तत्त्व आहे : प्रत्येक वेळची मात्रा घटवावयाची नाही, तर दोन मात्रांतील अंतर वाढवून ती आठवड्यातून तीनदा द्यावयाची. शरीरात औषध साचू नये हे जितके खरे, तितकेच ते दिल्या वेळी पुरेसे असावे हेही खरे.

३. मात्रा कोठे कोठे गळते

चिठ्ठीपासून फुप्फुसापर्यंतच्या वाटेत मात्रा अनेक ठिकाणी गळू शकते. या गळतीची ठिकाणे क्रमाने पाहू.

पहिले ठिकाण चिठ्ठी हेच होय. याचा पुरावा मुंबईतून मिळतो. १९९१ साली मुकुंद उपलेकर व डोनाल्ड शेपर्ड यांनी धारावी परिसरातील १०० खाजगी डॉक्टरांना क्षयरुग्णासाठी उपचार लिहावयास सांगितले, तेव्हा ८० निरनिराळे उपचारक्रम लिहिले गेले. वीस वर्षांनी, २०१० साली, झरीर उडवाडिया व सहकाऱ्यांनी त्याच धर्तीवर पुन्हा पाहणी केली. या वेळी १०६ डॉक्टरांनी ६३ निरनिराळे क्रम लिहिले आणि त्यांपैकी केवळ ६ जणांचा क्रम बरोबर होता. यांतील चुका एकाच दिशेच्या नव्हत्या. औषधांची निवड, मात्रा आणि कालावधी या तिन्हींत त्या होत्या. तथापि एवढे निश्चित की ज्या रुग्णाने या चिठ्ठ्या अक्षरशः पाळल्या असत्या, त्याला 'औषध नीट घेतले नाही' असा दोष कोणी देऊ शकले नसते.

दुसरे ठिकाण वजनकाटा. क्षयाच्या औषधांची मात्रा वजनावर ठरते. भारतात प्रौढांसाठी वापरात असलेल्या चार औषधांच्या संयुक्त गोळीत रिफॅम्पिसीन १५०, आयसोनायझिड ७५, पायराझिनामाइड ४०० आणि एथँब्युटॉल २७५ मिलिग्रॅम असते. २५ ते ३४ किलो वजनास दोन, ३५ ते ४९ किलोस तीन, ५० ते ६४ किलोस चार गोळ्या, असा क्रम आहे. आता थोडा हिशेब करून पाहू. ३५ किलोच्या रुग्णाला तीन गोळ्यांतून दर किलोमागे सुमारे १२.९ मिलिग्रॅम रिफॅम्पिसीन मिळते. त्याच गटातील ४९ किलोच्या रुग्णाला ९.२ मिलिग्रॅम, आणि ३४ किलोच्या रुग्णाला दोन गोळ्यांतून ८.८ मिलिग्रॅम. अपेक्षित मात्रा किलोमागे सुमारे १० मिलिग्रॅमची आहे. गट पाडल्याने वाटप सुलभ होते आणि चुका टळतात, हे मान्यच केले पाहिजे. पण गटाच्या वरच्या टोकाला उभा असलेला रुग्ण आधीच काठावर आहे, याचे भान वैद्याला हवे.

यातच आणखी एक विरोधाभास दडलेला आहे. उपचार लागू पडला की रुग्णाचे वजन वाढते. समजा, ४८ किलोच्या एका रुग्णाला तीन गोळ्या सुरू केल्या आणि दोन महिन्यांत तो ५३ किलोचा झाला. त्याला पुन्हा काट्यावर उभे केले नाही, तर त्याची मात्रा किलोमागे ८.५ मिलिग्रॅमवर घसरते. चौथी गोळी मिळाली तर ती ११.३ होते. रुग्ण सुधारतो आहे या आनंदात त्याची मात्रा मागे राहते. ज्या दवाखान्यात वजन एकदाच, नोंदणीच्या दिवशी केले जाते, तेथे ही गळती कोणाच्याही लक्षात येत नाही.

तिसरे ठिकाण गोळी स्वतः. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत सुमारे दहातील एक औषधी उत्पादन निकृष्ट किंवा बनावट असते, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली मांडला. परंतु प्रामाणिकपणे बनविलेल्या गोळीतही प्रश्न उद्भवू शकतो. जठरातील आम्लात रिफॅम्पिसीनचा काही अंश विघटित होतो आणि आयसोनायझिड सान्निध्यात असेल तर हे विघटन वाढते. संयुक्त गोळीत ही दोन्ही औषधे एकत्रच असतात. म्हणून अशा गोळीतील रिफॅम्पिसीन रक्तात किती पोहोचते याची स्वतंत्र परीक्षा आवश्यक ठरते. केवळ गोळीतील वजन बरोबर असणे पुरेसे नाही. औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हा भेद मनावर कोरून घ्यावा.

चौथे ठिकाण रुग्णाचे घर. मद्रासच्या केंद्राने घरी राहून उपचार घेणाऱ्या रुग्णांचे निष्कर्ष १९५९ साली प्रसिद्ध केले, आणि आरोग्यधामात ठेवलेल्या रुग्णांइतकेच ते बरे होतात हे दाखवून दिले. पण त्याच प्रयोगांत रुग्णांच्या घरी अचानक भेटी देऊन गोळ्या मोजल्या गेल्या आणि लघवीत औषध आहे का हे तपासले गेले. रुग्ण औषध घेतातच असे गृहीत धरता येत नाही, हे फॉक्स यांना त्यातून स्पष्ट झाले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणातही, दहातील एखादी मात्रा चुकविणाऱ्यांत उपचार फसण्याचा धोका अनेक पटींनी वाढलेला आढळला.

मात्र मात्रा का चुकते, याची कारणे रुग्णाच्या स्वभावात शोधण्याआधी त्याच्या परिस्थितीत शोधावीत. रोजंदारी बुडते म्हणून दवाखान्याची खेप टळते. रिकाम्या पोटी गोळ्या घेतल्या की मळमळते, आणि जेवून घेतल्या तर रिफॅम्पिसीनचे शोषण घटते. ही अडचण रुग्णाने सांगितली तरी तिचे उत्तर त्याला मिळतेच असे नाही. दोन महिन्यांत बरे वाटू लागते आणि चार महिन्यांच्या गोळ्या अजून बाकी असतात. घरातील दुसऱ्या खोकणाऱ्या माणसाला आपल्यातल्या काही गोळ्या देणारी आई ही निष्काळजी नसते.

पाचवे ठिकाण रुग्णाचे शरीर. आयसोनायझिड निष्क्रिय करण्याचा वेग माणसामाणसांत आनुवंशिकतेने भिन्न असतो. काही जण ते मंदगतीने, तर काही शीघ्रगतीने निष्क्रिय करतात. भारतीयांत निम्म्याहून अधिक लोक मंदगती आहेत. रोज औषध देत असताना या भेदाचा परिणाम फारसा दिसत नाही. परंतु मद्रास येथे आठवड्यातून एकदाच औषध देऊन पाहिले तेव्हा शीघ्रगती रुग्णांचे निष्कर्ष स्पष्टपणे हीन ठरले. म्हणजे एकच चिठ्ठी, एकच गोळी आणि एकच नियमितपणा असूनही एकाला पुरेशी मात्रा मिळते आणि दुसऱ्याला अल्पमात्रा.

रिफॅम्पिसीनची करामत याहूनही निराळी आहे. ते यकृतातील चयापचय वेगवान करते आणि त्यामुळे बरोबरीच्या इतर औषधांची पातळी उतरविते. रक्त गोठू नये म्हणून दिलेले वॉरफरीन, गर्भनिरोधक गोळ्या, एचआयव्हीवरील डोल्युटेग्राव्हिर ही त्याची परिचित उदाहरणे होत. डोल्युटेग्राव्हिरची ५० मिलिग्रॅमची गोळी रिफॅम्पिसीनबरोबर दिवसातून एकदाऐवजी दोनदा द्यावी लागते. क्षयाची मात्रा बरोबर आणि त्यामुळेच दुसऱ्या रोगाची मात्रा अपुरी, असा हा प्रकार आहे. दोन रोगांचे दोन वैद्य एकमेकांशी बोलत नसतील तर तो कोणाच्याच ध्यानात येत नाही.

४. मान्य मात्राच अपुरी असेल तर?

आतापर्यंत आपण मान्य मात्रेपासून होणाऱ्या घसरणीचा विचार केला. परंतु ग्रंथात छापलेली मात्राच कमी असण्याचा संभव असतो, हेही इतिहासाने दाखविले आहे.

मुलांच्या बाबतीत ते घडले. प्रौढांची किलोमागची मात्रा मुलांना तशीच लावण्याची प्रथा दीर्घकाळ चालू होती. पण लहान मूल ही प्रौढाची लघुप्रतिकृती नव्हे. वजनाच्या मानाने त्याचे शरीर ही औषधे अधिक वेगाने बाहेर टाकते. रक्तातील पातळ्या मोजल्या गेल्या तेव्हा त्या कमी आढळल्या. अखेर २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी आयसोनायझिडची मात्रा किलोमागे ५ वरून १०, रिफॅम्पिसीनची १० वरून १५ आणि पायराझिनामाइडची २५ वरून ३५ मिलिग्रॅम केली. आयसोनायझिड दुप्पट झाले. याचा अर्थ, तोपर्यंत अनेक मुलांना पुस्तकाबरहुकूम दिलेली मात्रा ही अल्पमात्राच होती. तिच्याबद्दल त्या मुलांच्या पालकांना दोष देता येत नाही, आणि त्यांच्या वैद्यांनाही नाही. नव्या मात्रांना अनुरूप, पाण्यात विरघळणारी मुलांची संयुक्त गोळी उपलब्ध होण्यास २०१५ साल उजाडले.

रिफॅम्पिसीनची प्रौढांची मात्राही अशीच पुन्हा तपासली जात आहे. दिवसाला ६०० मिलिग्रॅम ही मर्यादा रूढ झाली तेव्हा औषध महाग होते आणि अधिक मात्रेच्या दुष्परिणामांची धास्ती होती. परिणामाची कमाल तेथेच होते असे सिद्ध झालेले नव्हते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आफ्रिकेतील एका बहुगटी प्रयोगात किलोमागे ३५ मिलिग्रॅम रिफॅम्पिसीन घेणाऱ्या रुग्णांची थुंकी द्रव माध्यमातील संवर्धनात अधिक लवकर जंतुमुक्त झाली. यावरून रूढ मात्रा तत्काळ बदलावी असे ठरत नाही. पण ती शेवटचा शब्द आहे असेही मानता येत नाही.

भारतातील राष्ट्रीय कार्यक्रमाचा अनुभवही याच संदर्भात पाहावयास हवा. १९९७ पासून विस्तारलेल्या सुधारित कार्यक्रमात औषधे आठवड्यातून तीनदा, देखरेखीखाली दिली जात. देखरेखीच्या दृष्टीने ही पद्धत सोयीची होती आणि तिने लक्षावधी रुग्ण बरे केले. परंतु आठवड्याला तीनच मात्रा असल्या की एक चुकण्याची किंमत मोठी होते. मद्रासच्या केंद्राचीच उत्तराधिकारी असलेल्या चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेने एचआयव्हीबाधित रुग्णांवर केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दैनिक उपचार सरस ठरला. रिफॅम्पिसीनला प्रतिरोध उद्भवला तो खंडित उपचाराच्या गटात. दरम्यान २०१७ साली देशभर दैनिक, वजनानुसार उपचाराचा स्वीकार झालेला होता.

५. परिणाम : एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे

अल्पमात्रेचे परिणाम तीन पायऱ्यांनी होतात. पहिल्या पायरीवर रुग्ण बरा होण्यास विलंब लागतो आणि तेवढे दिवस तो इतरांना संसर्ग देत राहतो. दुसऱ्या पायरीवर उपचार संपल्यानंतर रोग उलटतो. तिसऱ्या पायरीवर प्रतिरोधी जंतूंचे प्राबल्य होते आणि नेहमीची औषधे निकामी ठरतात.

दुसऱ्या व तिसऱ्या पायरीच्या दरम्यान वैद्याकडून एक घातक चूक होण्याचा संभव असतो. चालू उपचाराने गुण येत नाही असे पाहून तो त्यात एकच नवे औषध घालतो. जुनी औषधे निकामी झालेली असतील तर ते नवे औषध पुन्हा एकाकीच असते. १९४८ चा प्रयोग त्या रुग्णावर नव्याने सुरू होतो. काही महिन्यांनी तेही निकामी होते आणि आणखी एक घातले जाते. डिसेंबर २०११ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील उडवाडिया व सहकाऱ्यांनी, तपासलेल्या सर्वच औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या चार रुग्णांची हकीगत प्रसिद्ध केली. या रोगाला त्यांनी दिलेले 'संपूर्ण प्रतिरोधी' हे नाव जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारले नाही, पण हकीगतीतील बोध वादातीत आहे : त्यांतील तिघांना वेगवेगळ्या खाजगी डॉक्टरांकडून दुसऱ्या फळीतील औषधे एकेक करून, आणि बहुधा चुकीच्या मात्रेत, मिळत गेली होती.

एवढ्यावर हा परिणाम थांबत नाही. प्रतिरोधी जंतू हवेतून पसरतो. ज्याने कधीही एक मात्रा चुकविली नाही, किंबहुना ज्याने क्षयाची गोळी पाहिलेलीही नाही, अशा माणसाला पहिल्याच आजारात प्रतिरोधी क्षय होतो. फ्लेमिंग यांच्या कथेतील पत्नी ती हीच. फरक इतकाच की तिच्या मृत्यूची जबाबदारी आता एकट्या गृहस्थावर टाकता येत नाही. चिठ्ठी, काटा, कारखाना, पुस्तक आणि कार्यक्रम या सर्वांचा तीत वाटा असतो.

प्रतिरोधी क्षयावर आज पूर्वीपेक्षा आशादायक उपचार आहेत. बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड व मॉक्सिफ्लॉक्सासिन यांच्या सहा महिन्यांच्या क्रमाची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली केली आणि भारत सरकारने २०२४ साली त्यास मान्यता दिली. परंतु गुणाकाराचा नियम या नव्या औषधांनाही लागू आहे. जुन्या सवयी घेऊन आपण त्यांच्याकडे गेलो, तर ती जुनी होण्यास फार काळ लागणार नाही.

६. उपसंहार

या सर्व विवेचनावरून 'मात्रा वाढवा' असा सरधोपट निष्कर्ष कोणी काढू नये. मात्रेविषयीची भीती निराधार नाही. आयसोनायझिड यकृतास इजा करू शकते आणि नसांनाही, म्हणून त्याच्याबरोबर पायरिडॉक्सिन देतात. एथँब्युटॉलने दृष्टी अधू होऊ शकते. लिनेझोलिडने रक्तकण घटतात व नसा बधिर होतात, आणि म्हणून नव्या क्रमात त्याची मात्रा १२०० वरून ६०० मिलिग्रॅमवर आणली गेली. ती घट अंदाजाने नव्हे, तर प्रयोगाने ठरली. मात्रा कमी करण्यास हरकत नाही. न मोजता कमी करण्यास आहे.

व्यवहारात यातून काही साध्या गोष्टी निष्पन्न होतात. प्रत्येक खेपेस रुग्णाचे वजन करावे आणि मात्रा किलोमागे काढून पाहावी. 'औषध घेता ना?' असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर एकच असते. 'किती गोळ्या, केव्हा, कशाबरोबर घेता?' असे विचारावे. बरोबरीची सर्व औषधे पाहावीत, आम्लपित्तावरची सुद्धा, कारण ॲल्युमिनियमयुक्त आम्लनाशके आयसोनायझिडचे शोषण कमी करतात. गुण येत नसेल तर नवे औषध घालण्यापूर्वी जंतूंची प्रतिरोध-परीक्षा करावी आणि शक्य असेल तेथे रक्तातील पातळी मोजावी. फसणाऱ्या उपचारात एकच औषध कदापि घालू नये.

संशोधकांसाठीही येथे काम पुष्कळ आहे. आपल्याकडील क्षयरुग्ण बहुधा कृश असतो, अनेकदा मधुमेही असतो आणि काही वेळा दोन्ही असतो. अशा रुग्णाच्या रक्तात औषध किती पोहोचते, वजनगटाच्या काठावरील रुग्णांचे पुढे काय होते, संयुक्त गोळी ग्रामीण साठवणीत किती टिकते, हे प्रश्न प्रयोगशाळा व दवाखाना यांनी एकत्र येऊन सोडवावयाचे आहेत. मद्रासच्या संशोधकांनी रुग्णांच्या घरी जाऊन गोळ्या मोजल्या, त्या त्यांच्यावर अविश्वास म्हणून नव्हे. उपचार फसला तर तो नेमका कोठे फसला हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते. रुग्णाला हेळसांडीचा दोष देण्यापूर्वी मात्रेच्या वाटेवरील प्रत्येक ठिकाण तपासून पाहणे, एवढी शिस्त त्यांच्याकडून आपण घेतली तरी पुष्कळ झाले.